आमचा इन्व्हर्टर आणि त्यांचा हंगाम

परभणीत इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर बॅटरी रात्री आणावी. रिक्षातून उतरवताना तिच्यावर चादर टाकावी आणि गल्लीतली लाइन गेली की आपणही दारात येऊन "तुमचीबी गेली का हो?" असं विचारावं, दोन सुस्कारे टाकावेत, मगच आत जावं. आमची बॅटरी भर दुपारी, हातगाड्यावरून, अख्ख्या गल्लीच्या देखरेखीखाली आली. समोरच्या नानांनी जातीनं उभं राहून ती जिन्याखाली लावून घेतली. "दीडशे एएचची हाय," त्यांनी मलाच माहिती दिली. "टीव्ही, एक पंखा, एक ट्यूब. साडेतीन-चार तासाला मरण नाही." साडेतीन-चार तासच का, ते मी विचारलं नाही. मार्च संपता संपता आपोआप कळलं.

खरं म्हणजे ती बॅटरी मुलीच्या बारावीसाठी होती. लाइन गेली की तिचं जीवशास्त्र अर्ध्यावर राहायचं. पुढं ती नांदेडला शिकायला गेली, बॅटरी जिन्याखालीच राहिली आणि तिच्या जोरावर दर उन्हाळ्यात आमची गल्ली क्रिकेटचं उच्च शिक्षण घेऊ लागली.

मी मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो, म्हणून मला सगळे मुनीमजी म्हणतात. क्रिकेट मला कळतं, आवडत नाही. अशा माणसाच्या घरात सामने पाहणं हे पाहणाऱ्यांनाही जड जातं, पण त्यांच्यापुढं पर्याय नसतो आणि माझ्यापुढंही नसतो. मला आवडतात कुस्ती आणि पळण्याच्या शर्यती. त्या सुरू होतात आणि संपतात. मधेच कोट घातलेला माणूस येऊन आत्ता काय झालं ते आपल्याला समजावून सांगत नाही.

आयपीएलचा पहिला सामना नानांना तोंडपाठ आहे. १८ एप्रिल २००८, बंगळूरु, मॅक्युलम नाबाद १५८. नातवाचा वाढदिवस मात्र त्यांना सुनेला विचारावा लागतो. तेव्हा संघ आठ होते. २०२२ पासून दहा झाले आणि सामने ७४. मार्चच्या उत्तरार्धात सुरू होऊन मे संपेपर्यंत, म्हणजे तापमापी ३८ वरून ४३ वर चढते तो सगळा काळ, वाहिनीचा हंगाम आमच्या दिवाणखान्यात असतो. दिवाणखाना हा शब्द जरा मोठा झाला. एक दिवाण आहे एवढं खरं, आणि त्यावर नाना असतात.

हंगामाची चाहूल लागते ती रिचार्जवरून. पूर्वी केबलवाला महिन्याला ठरावीक पैसे घ्यायचा आणि जे लागेल ते लागायचं. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नवा नियम आला. ज्याला जे पाहायचं आहे त्यानं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. हिशेबनीस माणूस म्हणून मला हा नियम वाचून भरून आलं होतं. १०० वाहिन्यांचे १३० रुपये, वर कर, आणि पैशाच्या वाहिन्या आपण निवडू तेवढ्याच. गुच्छात घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर असू नये अशी एक अट होती. त्यामुळं ज्या वाहिनीवर बघण्याजोगं काही आहे ती वाहिनी नेमकी १९ रुपयांची निघायची. मी रविवारी बसून आखीव कागदावर यादी केली. बायकोच्या दोन, आईची भजनाची, बातम्यांची एक, खेळाची एक. खाली बेरीज करून कागद केबलवाल्याच्या हातात दिला.

त्यानं तो उलटा धरून वाचला. "काका, असं सुटंसुटं घेतलं तर महाग पडतंय. पॅक घ्या."

"पॅकमध्ये काय आहे?"

"सगळं हाय."

"मला सगळं नकोय, म्हणून तर ही यादी केली."

"मग महाग पडंल."

पॅक घेतला. त्यात दोन तेलुगू, एक ओडिया आणि दिवसभर साड्या विकणारी एक वाहिनी मिळाली. खेळाची नव्हती. ती वरून घ्यावी लागली. रिचार्जचे पैसे गल्लीनं वर्गणी काढून द्यावेत असा प्रस्ताव मी एकदा मांडला होता. नाना म्हणाले, "मुनीमजी, बघनारे आम्ही असलो तरी टीव्ही तुमचा हाय. तुमच्या टीव्हीला आम्ही पैसे देऊन तुमचा अपमान कशाला करावा?"

सामना साडेसातला असतो. वाहिनी त्याच्या बरंच आधी सामन्यावर बोलायला बसते आणि आमची लाइन या दोन्हींच्या मधे कधीतरी जाते. लाइन गेली की दारात चपला वाजायला लागतात. नाना दिवाणावर. अप्पा पंख्याखालच्या खुर्चीत, कारण त्यांना बीपी आहे. सलीमभाई उंबऱ्यात, कारण समोर त्यांचं टेलरिंगचं दुकान उघडं असतं. ऑटोवाला दत्ता आणि पोरंसोरं खाली. सुमनकाकू आतल्या दारात बायकोशी बोलत, पण नजर पडद्यावर. पहिल्या वर्षी बायकोनं सगळ्यांसाठी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. कांदा, शेंगदाणे, वरून कोथिंबीर, लिंबू. दुसऱ्या आठवड्यात सुशीलातली फोडणी गेली आणि नुसते मुरमुरे आले. तिसऱ्या आठवड्यात तांब्या आला. एप्रिलच्या मध्यावर तिनं तांब्यावर झाकण ठेवलं.

पडद्यावर चार माजी खेळाडू कोट घालून बसलेले असतात. त्यांना बघूनच अप्पांना घाम फुटतो. "ह्यांचा एसी चालावा म्हनून आपली लाइन काढून घेतेत," असं त्यांचं ठाम मत आहे. त्या चौघांचं मत असतं की सुरुवातीच्या सहा षटकांत गडी गमवायचे नाहीत आणि धावाही जोरात काढायच्या. हे ऐकायला गल्ली रोज जमते. मी मोंढ्यात शेठजींना असं काही सांगितलं, की बाबा माल स्वस्तात घ्यावा आणि महाग विकावा, तर ते मला संध्याकाळी हिशेब करून मोकळं करतील.

या सगळ्यात मला मनापासून आवडतो तो खेळपट्टीचा भाग, आणि तो अप्पांमुळं. अप्पांची मानवतकडं कोरडवाहू जमीन आहे. पडद्यावरचा साहेब उकिडवा बसतो, मातीवर टिचक्या मारतो, भेगेत किल्ली खुपसतो आणि सांगतो, की ही काळ्या मातीची खेळपट्टी आहे, चेंडू थांबून येईल.

"थांबूनच येनार," अप्पा म्हणतात. "काळ्या रानात बैलगाडी रुतती, चेंडूचं काय घेऊन बसलाव."

साहेब भेग दाखवतो. कॅमेरा जवळ जातो. पोरं पुढं सरकतात.

"ह्याला भेग म्हनायलेत? अरं, ह्या मानसाची किल्ली आमच्या रानात वैशाखात पडली तर आषाढात घावंल."

लाल मातीची खेळपट्टी असली की अप्पा गप्प बसतात. ज्या मातीत आपण कसलं नाही तिच्यावर बोलू नये, हा नियम त्या चार कोटवाल्यांपैकी एकानंही कधी पाळलेला मी पाहिला नाही.

मग सामना. म्हणजे जाहिराती. षटक संपलं की जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात, आणि चेंडू चालू असतानाही चित्र एका कोपऱ्यात आक्रसून बाजूला टायर किंवा सिमेंट येतं. नव्या षटकाचा पहिला चेंडू आम्ही अनेकदा नुसता ऐकलेला आहे. वेलची खाणारे नट, बनियन घातलेले नट, आणि मोबाइलवर संघ लावून कोट्यधीश झालेला नाभिक बंधू. शेवटी एक माणूस श्वास न घेता सांगायचा, की यात आर्थिक जोखीम आहे आणि सवय लागू शकते. दत्ताला ते वाक्य कधी कळलंच नाही, इतकं ते पळत जायचं. ऑटोचे दोन-चार दिवसांचे गॅसचे पैसे गेल्यावर त्यानं मला ते सावकाश म्हणून दाखवायला सांगितलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा दत्तानं पेढे वाटले. उधारीवर.

आणि स्ट्रॅटेजिक टाइमआउट! प्रत्येक डावात दोन, अडीच-अडीच मिनिटांचे. तिकडं मैदानावर कोण काय डावपेच आखतं ते वाहिनीलाच माहीत, कारण आपल्याला तेव्हाही जाहिरातीच दाखवतात. डावपेच आखले जातात ते आमच्याकडं. घरात न्हाणीघर एक, प्रेक्षक बारा-चौदा, वेळ अडीच मिनिटं. सहाव्या षटकापासूनच उंबऱ्याकडच्या मंडळींची चुळबुळ सुरू होते. नाना वयाच्या आधारावर पहिला नंबर मागतात, अप्पा बीपीच्या आधारावर. "एका टाइमआउटला एक बादली," असं बायको मोजत असते. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, हे लक्षात घेतल्यावर त्या आकड्याचं वजन कळेल.

एका लांबलेल्या टाइमआउटमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएल दाखवण्याचे हक्क, टीव्ही आणि मोबाइल मिळून, ४८,३९० कोटी रुपयांना गेले. सामने धरलेत ४१०. म्हणजे सामन्याला ११८ कोटी. दोन्ही डावांचे मिळून चेंडू २४०. म्हणजे एका चेंडूचे झाले ४९ लाख रुपये.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन क्षण कुणी काही बोललं नाही. आता यांना जाहिरातींचं कारण कळलं, असं मला वाटलं.

नाना म्हणाले, "वाइड धरलेत का?"

शेवटच्या दोन षटकांत खरी परीक्षा बॅटरीची. अठराव्या षटकाच्या सुमारास इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो. तो आवाज ऐकून गल्लीचे चेहरे पडतात तसे कुठल्याही संघाचा गडी बाद होऊन पडलेले मी पाहिलेले नाहीत. नाना दिवाणावरून हुकूम सोडतात, "ट्यूब बंद!" ट्यूब बंद होते. "पंखा बंद!" पंखाही बंद. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, अंधारात, चौदा माणसं, दारं-खिडक्या उघड्या पण वारा शून्य. पडद्यावर निवेदक सांगत असतो, की मैदानावर दव पडायला सुरुवात झालेली आहे. अप्पा कपाळ पुसत म्हणतात, "नशीब लागतं."

सुमनकाकूंच्या घरी टीव्ही नाही असं नाही. त्यांच्या पत्र्यावर दूरदर्शनची फुकटची छत्री आहे. महिन्याचा एक रुपया नाही. पण तिच्यावर आयपीएलचे सगळे सामने दिसत नाहीत. २००७ च्या कायद्यानं भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि वीस षटकांचे सामने, ऑलिंपिक, राष्ट्रकुल, आशियाई स्पर्धा अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. आयपीएल त्यात बसत नाही. या सगळ्याच्या मुळाशी १९९३ चा क्रिकेटचा हिरो कप आहे. तेव्हा तो दाखवायचा कुणी, यावरून वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र लिहिलं ते न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, आपल्या मराठी माणसानं. हे मी एका संध्याकाळी नानांना मोठ्या अभिमानानं ऐकवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हनजे ह्या डब्यात जे येतंय ते सार्वजनिक हाय."

"एका अर्थी, हो."

"मग सरका की जरा तिकडं. दत्ताला बसू द्या."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर न्यायालयाचा विषय काढत नाही. बायकोनं मात्र एकदा काढला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये. त्या उन्हाळ्याची आठवण मराठवाड्यात कुणाला करून द्यावी लागत नाही. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिलला लातुरात पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर गर्दी झाली होती म्हणतात, आणि मुंबईतल्या मैदानांवरचं गवत तेव्हाही हिरवंगार होतं. ते टीव्हीवर रोज दिसायचं. काकू खेळाडूंकडं बघतच नसत. "केवढं गवत आलंय माय," एवढंच म्हणत. रेल्वे पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मुंबईत ठरलेला अंतिम सामनाही बंगळूरुला गेला.

नाना हवालदिल. त्यांना वाटलं सामने बंद. मी समजावलं, की सामने बंगळूरुला जाणार असले तरी टीव्ही परभणीतच राहणार आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि बायको आतून बाहेर आली. हातात रिकामा हंडा.

"तोच निकाल इथंबी लागू," ती म्हणाली. "तीस एप्रिलनंतरचे सामने ह्या घराबाहेर. मैदानाला काय पानी लागत असंल ते लागो, माझ्याकडं चार टाइमआउटला चार बादल्या जायलेत."

गल्ली सुन्न. नानांनी अपील केलं. अप्पांनी मध्यस्थी केली. शेवटी तडजोड झाली ती अशी, की प्यायचं पाणी प्रत्येकानं आपापल्या बाटलीतून आणायचं आणि टाइमआउटला आपापल्या घरी जाऊन यायचं. अडीच मिनिटांत घरी जाऊन परत येण्यात आमची गल्ली त्या वर्षी इतकी तरबेज झाली, की साठीतले अप्पा लेंगा सावरत पळताना मी प्रथमच पाहिले. पळण्याच्या शर्यतींविषयी माझ्या घरात थोडी अनुकूल हवा तयार झाली ती तेव्हा. वाहिनीचा त्यात हात आहे, हे मान्य केलं पाहिजे.

आपल्याकडचं पोरगं पडद्यावर आलं की गल्लीचं वागणं बदलतं, हेही सांगतो. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादला तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर चेन्नईकडून पहिला सामना खेळला आणि ३६ धावांत तीन गडी घेतले. चेन्नई हरली, पण आमच्याकडं कुणाला त्याचं काही नव्हतं. नानांनी दर बळीला "आई राजा उदो उदो" म्हटलं आणि बायकोनं फोडणीचे मुरमुरे पुन्हा सुरू केले. समालोचकांची जीभ मात्र त्या आडनावाशी चांगलीच झटली. हंगर्गे, हंगरगेक, हंगारकर. दत्ता म्हणाला, "येवढाल्या परदेशी नावांला जीभ वळती ह्यांची. तुळजापूरला येऊन गेले असते तर हेबी वळलं असतं."

पण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीच्या वर्षाचं आहे. ६ ऑगस्ट २०२२, शनिवार. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. त्या दिवशी दुपारी तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती आणि तीत अविनाश साबळे पळणार होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळेला जायला-यायला रोज काही किलोमीटर पळणारा पोरगा, पुढं सैन्यात महार रेजिमेंटमध्ये, सियाचीनला राहून आलेला. मी आठवडाभर आधीपासून घरात जाहीर करून ठेवलं होतं, की शनिवारी मला माझा टीव्ही आठ मिनिटं लागेल.

नेमका त्याच दुपारी साडेतीनला महिला क्रिकेटचा उपान्त्य सामना, भारत विरुद्ध इंग्लंड. आणि दोनलाच लाइन गेलेली. म्हणजे गल्ली हजर.

"मुनीमजी, सेमीफायनल हाय," नाना म्हणाले.

"आठ मिनिटं, नाना."

"आठ मिनिटांत दोन षटकं होतेत."

"टाइमआउट समजा."

"टाइमआउट अडीचचा असतो."

वाद पंचायतीत गेला. अप्पांची लेक बीडला दिलेली आहे. ते म्हणाले, "आष्टीचा पोरगा म्हनजे सोयऱ्यातलाच. लावा." सलीमभाईंनी उंबऱ्यातून कौल दिला, "आठ मिनट में क्या होता, लगाव." स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशानं रिचार्ज केलेल्या टीव्हीचा रिमोट बहुमतानं माझ्या हातात आला.

वाहिनी बदलली आणि डबा अडकला. पडदा काळा, मधे एक गोल फिरतोय. नाना माझ्याकडं बघायलेत, मी गोलाकडं. चित्र आलं तेव्हा शर्यत सुरू झालेली होती आणि सगळे जण एका पाण्याच्या खड्ड्यात उड्या मारत होते.

"हे डबकं कशाचं?" सुमनकाकू पदर सावरत पुढंच आल्या.

मी सांगितलं, की तो मुद्दाम केलेला असतो. या शर्यतीत आडव्या लाकडांवरून अठ्ठावीस उड्या असतात, आणि त्याशिवाय सात वेळा ते पाणी ओलांडायचं असतं.

"सात येळा! अन् पानी बदलतेत का तेच?"

"तेच असतं, काकू."

"मग धुन्याला तरी वापरतेत का नंतर?"

"ये लोगां पानी में जूते लेके कूद रे," सलीमभाईंना वेगळीच काळजी. "नया जूता होगा."

काकूंचं समाधान होईना. "मला येक सांग बापू. पोरगा आष्टीचा म्हनतोस. तिकडं आपल्यापेक्षा कमी पानी. मग ह्यो पान्यात उड्या मारायला शिकला कुटं?"

इतका नेमका प्रश्न त्या चार कोटवाल्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. उत्तर द्यायला वेळ नव्हता. पुढं केनियाचे पळणारे होते. १९९८ पासून राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच उचलून न्यायचा, हे मी भराभरा सांगितलं. शेवटची फेरी सुरू झाली. साबळे एकेकाला मागं टाकत दुसऱ्या जागेवर आला. दत्ता उभा राहिला. त्याच्यामागची पोरं उभी राहिली. अप्पांनी बीपीची खुर्ची सोडली. शेवटच्या पाण्यावरून उडी पडली तेव्हा काकू "सांभाळून रं लेकरा!" म्हणून ओरडल्या आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर तर दिवाणावर नाना गुडघ्यांवर उभे होते. केनियाचा किबिवोट आणि मांडव्याचा साबळे, खांद्याला खांदा. रेषा ओलांडली.

किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद. साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंद. नवा राष्ट्रीय विक्रम, रौप्य, आणि तफावत सेकंदाच्या विसाव्या भागाची.

"थर्ड अंपायर!" नाना गरजले. "थर्ड अंपायरकडं द्या! पाच शतांश काय असतंय? शंकेचा फायदा आपल्याला!"

मी सांगितलं, की इथं तसं नसतं. नाना हे मानायला तयार नव्हते. वीस वर्षं क्रिकेट पाहून त्यांची अशी समजूत झालेली आहे, की कुठलाही निकाल कॅमेरा फिरवून, आवाजाची रेघ बघून आणि चेंडू पुढं कुठं गेला असता याचं चित्र काढून बदलता येतो. त्यांनी मला तीन वेळा तो शेवट पुन्हा लावायला सांगितलं. आमच्या डब्यात मागं जायची सोय नाही. वाहिनीनं दोनदा दाखवला, तिसऱ्यांदा टायर आला.

आठ मिनिटं म्हटलं होतं, अर्धा तास झाला. क्रिकेट कुणी मागितलं नाही. शेवटी नानांनाच आठवण झाली आणि आम्ही परत सेमीफायनलकडं वळलो. तो सामना भारतानं चार धावांनी जिंकला असं नाना सांगतात. त्यांनाच माहीत, कारण शेवटच्या षटकात बाहेरून "नळ आला!" अशी आरोळी उठली आणि दिवाणावरचा एक माणूस सोडला तर घर रिकामं झालं.

यानंतर आमच्याकडं शर्यतींना एक मान मिळाला. दुसऱ्या वर्षी आशियाई स्पर्धेत साबळेनं सुवर्ण घेतलं तेव्हा नानांनी स्वतः येऊन टीव्ही लावला. वाहिनीनं म्हणावं तसं मनावर घेतलं नाही, हे आलंच. लिलावात कुठला गोलंदाज कुठल्या संघात जाणार यावर तिनं जेवढे दिवस चर्चा केली त्याच्या एक टक्का वेळात साबळेच्या सगळ्या शर्यती, सरावासकट, दाखवून झाल्या असत्या. पण साबळेच्या शर्यतीला टाइमआउट नसतो, त्याला वाहिनी तरी काय करणार.

पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी आपल्याकडच्या घड्याळात ८ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री एकच्या पुढं होती. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. मी एकट्यानं, आवाज बारीक करून बघायचं ठरवलं होतं. लाइन होती, इन्व्हर्टरची गरज नव्हती, म्हणजे कुणी यायचं कारण नव्हतं. बारा-साडेबाराला गल्लीत मोटारींचा घुंईं आवाज सुरू झाला. नळ आला होता. आमच्याकडं नळाला वेळ नसते, तो येतो तेव्हा दिवस. सगळी गल्ली जागी, पाइप इकडून तिकडे, बाया ड्रम भरायलेल्या. माझ्या खिडकीतला उजेड बघून आधी दत्ता आला, मग अप्पा, मग लुंगीवर सलीमभाई, आणि नाना दिवाणावर.

साबळे अकरावा आला. ८ मिनिटं १४.१८ सेकंद. मोरोक्कोचा एल बक्काली जिंकला. नानांनी थर्ड अंपायर मागितला नाही. "जगात अकरावा हाय," अप्पा म्हणाले, "आपला मानवतात तरी कितवा नंबर लागंल?" आणि मोटार बंद करायला गेले.

सुमनकाकू दारातच उभ्या होत्या, हातात ओली घागर. त्यांनी शर्यत अर्धीच पाहिली होती, पाण्याच्या खड्ड्यापुरती. आत येऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "बापू, ह्या पोराची पुढली शर्यत कवा हाय?"

"बघून सांगतो काकू. का हो?"

"सांग बाबा नक्की. मागंबी ह्यो पळला तवाच नळ आला हुता, आजबी तसंच. टाक्या आदी धुऊन ठिवाव्या लागतेत."